वेताळ कुठे देव, कुठे भूत?

गोव्यात आमोणे, लोलये इथे वेताळ हा देव आहे. त्याची पूजा होते, त्याला नैवेद्य दाखवतात. गोष्टींतून भेटणारा वेताळ मात्र झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून बसलेला असतो. त्याच्या गोष्टी ऐकायला गंमत वाटते, पण त्याच्यापुढे कोणी हात जोडत नाही.

अदृश्य कर्ता कल्पणं माणसाच्या मेंदूला मुळीच जड जात नाही. 1944 मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी 34 जणांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडमीट करणारं दार असलेला चौकोन, एवढंच होतं. फक्त एकीने त्याचं वर्णन भूमितीच्या भाषेत केलं. बाकीच्यांना त्या आकृत्या जिवंत वाटल्या. मोठा त्रिकोण तर दांडगट वाटला. पण ही खोड देवाला आणि भुताला सारखीच लागू पडते. मग निवड कशी होते?

जर्वेस आणि हेन्रिक या संशोधकांनी 2010 मध्ये हाच प्रश्न झ्यूस या प्राचीन ग्रीक देवाबद्दल विचारला. तो सगळं पाहतो, रागावतो, वीज फेकतो. देवाला लागणारं सगळं त्याच्याकडे आहे, त्याच्या कथाही लक्षात राहतात. तरी त्या वाचून कोणी भक्त होत नाही.

हेन्रिक यांनी 2009 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. ‘ही अळंबी खाण्याजोगी आहे’ असं कोणी नुसतं सांगितलं तर शंका राहते. सांगणाऱ्याने स्वतः खाल्ली की विश्वास बसतो. निर्जळी एकादशी करणारी आजी, आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारे आईवडील मुलाच्या डोळ्यांसमोर असतात. ही झीज खोट्यासाठी कोण सोसेल, असा हिशेब मूल नकळत करतं. भुताचंही तसंच. ज्या घरात उतारा टाकतात, तिन्हीसांजेला ठरावीक वाट टाळतात, तिथे भूतही टिकून राहतं.

बोलण्याचाही वाटा आहेच. हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 4 ते 8 वर्षांच्या मुलांना कोणकोणत्या गोष्टी खरोखर असतात ते विचारलं. जंतू, ऑक्सिजन आणि सांताक्लॉज आहेत, राक्षस आणि चेटकिणी नाहीत, असं मुलं म्हणाली. यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नव्हतं. शिवाय जंतूंविषयी त्यांची खात्री सांतापेक्षा जास्त होती. मला यातला बारकावा महत्त्वाचा वाटतो: ‘हात धू, जंतू असतात’ म्हणताना मोठी माणसं जंतू गृहीतच धरतात. ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असं कोणी म्हणत नाही.

अर्थात विश्वास कसा रुजतो हे कळल्याने देव आहे की नाही, हे ठरत नाही. जंतूंसाठी सूक्ष्मदर्शक असतो; तो तपास वेगळा.

लॅनमन आणि बुहर्मेस्टर यांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांना विचारलं, की लहानपणी घरचे लोक धर्म नुसता शिकवत होते की पाळतही होते. माहिती आठवणींवर आधारलेली, ही तिची मर्यादा. पण पाळणारे घरचे पाहिलेल्यांमध्ये देवावरचा विश्वास अधिक आढळला.