चारसोबीस आता कायद्यात नाही

‘त्याच्या नादी लागू नकोस, पक्का चारसोबीस आहे!’ हे ऐकून ‘चारशे वीस काय?’ असं कुणी विचारत नाही. किराण्याच्या हिशोबात आपण ‘चारशे वीस’ म्हणतो, माणसाला मात्र हिंदी ‘चारसोबीस’च चिकटतं. म्हणजे तो आकडा राहिलेलाच नाही, शब्द झालाय.

मूळ आहे १८६०च्या भारतीय दंडसंहितेत. फसवणूक म्हणजे काय, हे कलम ४१५ सांगायचं. साध्या फसवणुकीची शिक्षा ४१७ मध्ये होती. पण फसवून कुणाची मालमत्ता लाटली, की लागायचं ४२०: सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. ‘त्याच्यावर चारसोबीस लागलं’वरून ‘तो चारसोबीस आहे’ हे एकाच पावलाचं अंतर. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. ‘ए रिक्षा!’ अशी हाक मारली की वळून बघतो तो रिक्षावाला, तसंच हे. १९५५मध्ये राज कपूरने सिनेमाचं नावच ‘श्री ४२०’ ठेवलं, तेव्हा प्रेक्षकांना आकडा समजावून सांगावा लागला नाही.

नायजेरियातही हेच झालं. तिथे ठकबाजीला ‘४१९’ म्हणतात, कारण तिथल्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम तेच. अमेरिकेत मात्र ४२० म्हणजे गांजा! १९७१मध्ये कॅलिफोर्नियातली काही शाळकरी पोरं त्यासाठी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी भेटायची, तिथून तो आला. हा पोलिसांचा सांकेतिक आकडा, अशी तिकडे वदंता आहे. तिकडची ही थाप आपल्याकडे जवळपास खरी निघते.

आपला ‘छत्तीसचा आकडा’ कायद्यातून नाही, पाटीवरून आला. ३६ लिहून बघा: तीन डावीकडे तोंड करून, सहा उजवीकडे, पाठीला पाठ. ६३ लिहिलं की दोघं समोरासमोर. इंग्रजी आकड्यांत हे भांडण तितकं दिसत नाही. मोबाइलवर इंग्रजी आकडेच बघणारी मुलंही ‘आमचा छत्तीसचा आकडा आहे’ म्हणतात, चित्र न बघता.

चारसोबीसचंही आता तेच. १ जुलै २०२४पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलमंच ३५८, त्यामुळे ४२०वं असायचा प्रश्नच नाही. फसवणूक गेली ३१८मध्ये. ‘तो पक्का तीनशे अठरा आहे’ असं एकदा कट्ट्यावर म्हणून बघा.