गौचर आजार: हाडांचा विचार मागे का पडला

गौचर हा आनुवंशिक आजार. त्यात एक एन्झाइम कमी पडल्याने चरबीसारखा पदार्थ पेशींत साठतो आणि प्लीहा, यकृत व हाडांतली मज्जा बिघडते. 1991 मध्ये त्यावरचे पहिले एन्झाइम औषध अमेरिकेत मंजूर झाले. त्याचे यश मोजले गेले ते मुख्यतः हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि प्लीहा-यकृताच्या आकारावर. हाडे त्या हिशेबात जवळपास नव्हतीच. रक्त काही महिन्यांत सुधारते, हाडाची घनता वाढायला कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे औषध लागू पडले असे सगळे म्हणत असताना रुग्ण खुबेदुखीने बेजार असे.

आजाराचे पहिले वर्णन 1882 मधले, फ्रान्समधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रबंधातले. नेमके कोणते एन्झाइम कमी पडते हे 1965 मध्ये कळले. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ हाती मुख्य उपाय एकच होता, प्लीहा काढून टाकण्याचा.

हाडांच्या दृष्टीने सगळ्यात वादग्रस्त निर्णय हाच. बेंबीखाली उतरलेली प्लीहा काढली की पोट हलके होई, प्लेटलेट वाढत, रक्तस्राव आटोक्यात येई. पुढे मात्र यांतल्याच अनेकांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मृत होत असे. एका मताप्रमाणे, प्लीहेत साठणाऱ्या, या पदार्थाने भरलेल्या गौचर पेशींनी ती गेल्यावर हाडांतल्या मज्जेत गर्दी केली. दुसरे मत असे की, ज्यांचा आजार मुळातच जोरात होता त्यांचीच प्लीहा काढली गेली, मग दोष शस्त्रक्रियेला कसा द्यायचा? मोठ्या रुग्णनोंदींत प्लीहा काढलेल्यांना हाड मृत होण्याचा धोका जास्त दिसला, पण कारणाचा वाद मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटेपर्यंत थांबायचे कारणही नाही. औषध मिळत असेल तर, जिवावर बेतल्याशिवाय, प्लीहेला हात लावू नये. आपल्याकडे निदानाआधीच ती काढली गेली आणि गौचर पेशी नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये सापडल्या, असे अजूनही घडते.

निदानातली दुसरी चूकही हाडांनाच भोवते. गौचरच्या रुग्णाला अचानक मांडीत असह्य कळा, ताप, सूज, वाढलेला ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी). पाहणाऱ्याला वाटते हाडात पू झाला. चिरा दिला तर जंतू नसलेल्या हाडात खरोखरचा जंतुसंसर्ग शिरू शकतो. लहान मुलांत हीच खुबेदुखी पर्थेस, म्हणजे मुलांच्या खुब्याच्या हाडाचा एक वेगळाच आजार, समजली जाते.

पुढे मज्जेसाठी एमआरआय, घनतेसाठी डेक्सा ही क्ष-किरण तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी उपचारात आली. एन्झाइम घेणाऱ्या प्रौढांना अॅलेंड्रोनेट हे हाडांची झीज रोखणारे औषध दिल्यास घनता वाढते, हेही 2004 मध्ये दिसले. पण मृत झालेले हाड कशानेच परत येत नाही, म्हणून सगळा भर वेळेवर सुरुवात करण्यावर. निदानानंतर 2 वर्षांच्या आत औषध सुरू झालेल्यांत हा धोका कमी आढळला.

आणि औषधात खंड पडता कामा नये. 2009 मध्ये हे औषध बनवणाऱ्या अमेरिकेतल्या एका कारखान्यात विषाणू सापडून उत्पादन थांबले, जगभर मात्रा कमी कराव्या लागल्या आणि काही रुग्णांची हाडदुखी परत आली.

भारतात 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात गौचरचा समावेश झाला आणि 2022 मध्ये मदतीची मर्यादा रुग्णामागे 50 लाख रुपये झाली. औषध जन्मभराचे, मर्यादा मात्र ठरलेली. मात्रा वजनावर ठरते. मूल 15 किलोचे 30 किलोचे झाले की दर पंधरवड्याला दुप्पट औषध लागते आणि उरलेला निधी निम्म्या काळात संपतो.