इनटेक मॅनिफोल्ड आणि गिअर बदलण्याची वेळ

कार्बुरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) किंवा थ्रॉटल बॉडी (हवा किती जावी हे ठरवणारी झडप) इथून सिलिंडर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागापर्यंत, हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचाला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. यातली प्रत्येक नळी म्हणजे रनर, आणि रनर ज्या सामाईक कप्प्यातून फुटतात तो प्लेनम. मॅनिफोल्ड बदलला की अश्वशक्ती किती वाढली, एवढेच बहुतेक जण विचारतात. ती किती आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांवर) मिळते आणि गिअर आता कधी टाकायचा, हे मात्र विचारायचे राहून जाते.

इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली गेला की रनरमध्ये कमी दाबाची लहर उठते. ती ध्वनीच्या वेगाने नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परतते. व्हॉल्व्ह मिटायच्या आत ती पोहोचली तर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबली जाते. लांब रनरमध्ये लहरीला परतायला वेळ लागतो, म्हणून त्याचा फायदा कमी आरपीएमला मिळतो. आखूड रनरचा जास्त आरपीएमला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 1960 ची क्रायसलर 300एफ. तिच्या 413 घनइंची व्ही-8 (दोन रांगांत आठ सिलिंडर) इंजिनावर सुमारे 30 इंची रनर आडवे टाकलेले होते. एका बाजूचा कार्बुरेटर समोरच्या बाजूच्या सिलिंडरांना हवा पुरवी. बॉनेट उघडले की इंजिनापेक्षा नळ्याच जास्त दिसत! या लांबीत लहरीची जा-ये साधारण साडेचार मिलिसेकंदांची. 2800 आरपीएमला तेवढ्यात क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) सुमारे 75 अंश फिरतो. कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर), 495 पाउंड-फूट, नेमका 2800 लाच मिळे. कमाल शक्ती 375 अश्वशक्ती, 5000 ला. आखूड आवृत्तीत रनरची परिणामकारक लांबी निम्मी, 15 इंच होती. शक्ती 400 वर गेली, पण टॉर्क 465 वर उतरून त्याचे शिखर 3600 ला सरकले.

आता गिअरचा हिशेब. क्रायसलरच्या तीन गिअरच्या टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पहिल्याचे गुणोत्तर 2.45, दुसऱ्याचे 1.45. टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाची) घसरण सोडून दिली, तर 5000 ला दुसरा पडल्यावर इंजिन 2960 च्या आसपास उतरते, म्हणजे लांब रनरच्या टॉर्क शिखरापाशीच. आखूड रनरवर तोच बदल केला तर इंजिन शिखराच्या बरेच खाली येऊन पडते. 3600 वर उतरायचे तर पहिला गिअर जवळपास 6080 पर्यंत ताणावा लागेल. तेवढे इंजिन सोसणार नसेल, तर एकमेकांच्या जवळच्या गुणोत्तरांचा गिअरबॉक्स हवा.

म्हणून गिअर नेमका शक्तीच्या शिखरावर टाकणे सहसा तोट्याचे असते. शिखर थोडे ओलांडून बदलले, तर पुढच्या गिअरमध्ये इंजिन शक्तीच्या आलेखाच्या भरीव भागात उतरते.

कार्बुरेटरच्या व्ही-8 इंजिनांत हीच निवड ड्युअल-प्लेन आणि सिंगल-प्लेन या नावांनी समोर येते. ड्युअल-प्लेनमध्ये प्लेनम दुभागलेला असतो. कार्बुरेटरचा प्रत्येक अर्धा भाग चारच सिलिंडरांना पुरवतो, त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ चांगली राहते. एकसंध प्लेनमचा सिंगल-प्लेन वरच्या आरपीएमला मोकळा श्वास घेतो. साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आणि लांब फायनल ड्राइव्हच्या (चाकांकडच्या शेवटच्या गिअरच्या, ज्याने इंजिन कमी आरपीएमला राहते) रस्त्यावरच्या गाडीला सिंगल-प्लेन बसवणे म्हणजे पैसे खर्चून गाडी मंद करणे.

दोन्हींचा फायदा हवा असेल तर रनरची लांबीच बदलती ठेवतात. 1991 साली ल मान्स जिंकणाऱ्या माझदा 787बी च्या रोटरी इंजिनात इनटेक नळ्या आरपीएमप्रमाणे सरकून लांब-आखूड होत. रस्त्यावरच्या अनेक गाड्यांत मात्र एका झडपेने लांब आणि आखूड अशा दोनच वाटा उघडतात. 2001 च्या बीएमडब्ल्यू एन62 इंजिनाने ही लांबी पायऱ्यांशिवाय, सलग बदलती केली.