विकासात्मक वाचन (अमेरिकी कम्युनिटी कॉलेजांतील)

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांत, पदवीस्तरावरची पाठ्यपुस्तके वाचण्याची पुरेशी तयारी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी चालणारा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम. गणित आणि लेखनाचेही असेच अभ्यासक्रम असतात. तिन्ही मिळून त्यांना विकासात्मक शिक्षण म्हणतात. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या ज्युनियर कॉलेजशी या महाविद्यालयांची गल्लत करू नये. येथे प्रवेश बारावीनंतर मिळतो आणि शेवटी असोसिएट ही दोन वर्षांची पदवी किंवा व्यवसाय-प्रमाणपत्र हाती येते. इथली दोन वर्षे धरून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची सोयही असते.

हे साक्षरतेचे वर्ग नव्हेत. येथे बसणाऱ्याला वाचता येतेच. वर्तमानपत्र, फोनवरचे संदेश, कामावरच्या सूचना यांत त्याचे कुठे अडत नाही. अडते ते मानसशास्त्राच्या पुस्तकातले लांबलचक प्रकरण आठवडाभरात वाचून, त्यातला दावा कोणता आणि पुरावा कोणता हे वेगळे काढताना. शाळेत हे क्वचितच शिकवलेले असते, आणि महाविद्यालयातला प्राध्यापक ते येत असल्याचे गृहीत धरतो. ही फट विद्यार्थ्याच्या बुद्धीतली नसून दोन संस्थांच्या मधली आहे, हे ध्यानात घेतले नाही तर या विषयाबद्दल फार अन्यायकारक बोलले जाते.

अशी तयारी करून घेण्याची गरज कम्युनिटी कॉलेजांपेक्षा जुनी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाने 1849 मध्येच पूर्वतयारी विभाग काढला होता. आज चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे 1901 मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या 1944 च्या जीआय बिल या कायद्यामुळे दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक मोठ्या संख्येने शिकायला आले. पुढे 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दारे खुली केली. त्या विद्यापीठाच्या सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या मीना शॉनेसी यांनी सुमारे 4,000 प्रवेश-निबंध तपासून 1977 मध्ये दाखवून दिले, की नवख्या विद्यार्थ्यांच्या चुकांनाही आतून एक तर्क असतो. त्यांचे काम लेखनाविषयी होते, तरी वाचनाच्या शिक्षकांनाही ती दृष्टी उपयोगी पडली. विद्यार्थी उताऱ्याचा भलताच अर्थ लावतो, तेव्हा त्याने तो कुठून काढला हे आधी विचारायचे असते.

प्रत्यक्ष वर्गात उताऱ्याचा मुख्य मुद्दा शोधणे, न सांगितलेला अर्थ ताडणे, मूळ धातू-उपसर्गांवरून अपरिचित शब्द उलगडणे आणि पानाच्या समासात टिपा करणे यांचा सराव होतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचे फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1940 च्या दशकात मांडलेली पाच टप्प्यांची पद्धत अजून शिकवली जाते: प्रकरण आधी चाळणे, मथळ्यांचे प्रश्न करणे, उत्तरे शोधत वाचणे, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगणे, आणि उजळणी. बऱ्याच ठिकाणी मात्र हा अभ्यास सुट्या, तोकड्या उताऱ्यांवरच्या बहुपर्यायी प्रश्नांत अडकून पडला. असे शंभर उतारे सोडवूनही जीवशास्त्राचे प्रकरण वाचता येईलच असे नाही.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे वाचनाचा वर्ग एखाद्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाशी जोडणे. ब्रुकलिनमधील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीचा वर्ग, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रासारखा एखादा विषय आणि महाविद्यालयाची ओळख करून देणारा छोटा अभ्यासक्रम अशी त्रयी एकाच गटाला दिली जाई. त्यामुळे उद्याच्या तासाला लागणारे प्रकरणच आज वाचनाच्या तासाला उघडता येते, आणि विद्यार्थ्याला आपण कशासाठी वाचतो आहोत हे सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रमावरची खरी टीका शिकवण्यापेक्षा त्याच्या रचनेवर आहे. प्रवेशाच्या वेळी ॲक्युप्लेसर किंवा कंपास यांसारखी संगणकीय चाचणी होई. अनेक जण काहीही तयारी न करता, तिच्यावर काय अवलंबून आहे हे न कळताच तिला बसत. गुण कमी पडले की एक, दोन, कधी तीन सेमिस्टरचे वर्ग पाठीशी लागत. त्यांची फी भरावी लागे, पण त्यांचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे श्रेयांक, पदवीत धरले जात नसत. प्रत्येक पायरीवर शंभरातले ऐंशी जण टिकले, तरी तीन पायऱ्यांनंतर एक्कावन्नच उरतात. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने 2010 च्या सुमारास दाखवले, की ज्यांना हे वर्ग सांगितले गेले त्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी ती साखळी पूर्ण करतात. बरेच जण नापास न होताच गळतात. पुढच्या वर्गात नावच घालत नाहीत. चाचणीने पुष्कळांना चुकीच्या वर्गात टाकले होते, हेही त्याच केंद्राच्या पुढच्या अभ्यासांतून कळले. कंपास 2016 मध्ये बंद झाली.

बदल झपाट्याने आले. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात पीटर ॲडम्स यांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या योजनेत विद्यार्थी थेट पदवीच्या इंग्रजीच्या वर्गात बसतो आणि त्याच सेमिस्टरमध्ये त्याच शिक्षकाचा जोडतास घेतो. फ्लोरिडाने 2013 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांतून अलीकडे उत्तीर्ण झालेल्यांना चाचणी आणि वर्ग दोन्ही ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाने 2017 च्या एबी 705 कायद्याने शाळेतील गुणांना प्राधान्य दिले, आणि विद्यार्थ्याला वर्षभरात पदवीस्तरावरचे इंग्रजी पूर्ण करता येईल अशी व्यवस्था करणे महाविद्यालयांवर बंधनकारक केले. टेक्ससमध्ये वाचन आणि लेखन एकाच अभ्यासक्रमात आले.

लांबलचक साखळी तुटली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर अनेक महाविद्यालयांतले वाचनाचे स्वतंत्र विभाग आटले किंवा इंग्रजी विभागात मिसळले, ही हानी गंभीर आहे. इंग्रजीच्या वर्गात निबंध वाचले जातात. अर्थशास्त्रातला आलेख किंवा शुश्रूषेच्या पुस्तकातला तक्ता कसा वाचायचा हे तिथे कोणी दाखवत नाही. ती जबाबदारी आता विषयशिक्षकांवर येते. वेस्टएड या संस्थेतील रुथ शॉनबाख आणि सिंथिया ग्रीनलीफ यांनी उभ्या केलेल्या रीडिंग अप्रेंटिसशिप पद्धतीत तेच अपेक्षित आहे. विषयशिक्षक वर्गासमोर कठीण परिच्छेद मोठ्याने वाचतो आणि कुठे अडखळलो, कुठे मागे गेलो, काय गृहीत धरले हे बोलून दाखवतो. मग विद्यार्थी जोडीजोडीने तेच करतात.

इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांसाठीचे वर्ग यापासून वेगळे असतात. गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी पेल अनुदानातून उपचारात्मक, म्हणजे विकासात्मक, अभ्यासक्रमांचा खर्च भागवायला साधारण एका वर्षाच्या शिक्षणाइतकी, म्हणजे 30 सेमिस्टर-क्रेडिटची मर्यादा आहे. भाषेचे वर्ग तिच्यात मोजत नाहीत. नोकरी, मुलेबाळे सांभाळून पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा शिकायला येणाऱ्या प्रौढांचा प्रश्न मात्र निराळा राहतो. त्यांचे शाळेतले गुण इतके जुने असतात की त्यांवरून वर्ग ठरवणे अवघड जाते, आणि वाचनाचा स्वतंत्र वर्ग त्यांच्यातले पुष्कळ जण आपणहून मागतात.