वाता जमातीची धनुष्यबाणाने हत्तीची शिकार

केनिया देशाच्या किनारपट्टीमागे पसरलेल्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या मुलखात वाता नावाच्या जमातीने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली, लांब व अतिशय ताठ धनुष्य आणि विषारी बाण यांनी केली जाणारी हत्तीची शिकार. धनुष्याने मोठी जनावरे मारण्याची परंपरा जगाच्या अनेक भागांत होती. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत घोड्यावरून बायसन या रानबैलांची शिकार होई आणि टांझानियातील हाड्झा लोक आजही जिराफ व झेब्रा यांच्यावर विषारी बाण चालवतात. मात्र जमिनीवरच्या सर्वांत मोठ्या प्राण्याला पायी गाठून, अवघ्या काही पावलांवरून बाण मारून पाडणे, आणि तेही क्वचित नव्हे तर उपजीविकेचा मुख्य भाग म्हणून, हे वाता लोकांइतके सातत्याने इतर कोणी केल्याचे फारसे आढळत नाही.

वाता लोकांना शेजारच्या जमाती आणि वसाहतकालीन अधिकारी वालियांगुलु, लांगुलो, सान्ये अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखत. त्यांची बोली ओरोमो भाषासमूहातील आहे. गुरे पाळणारे, ओरोमो समूहातलेच ओर्मा लोक आणि शेती करणारे गिरियामा लोक यांच्यामध्ये ते विखुरलेल्या लहान वस्त्यांनी राहत. त्यांच्याकडे गुरे नव्हती व जमिनीवर हक्क सांगण्याचे बळही नव्हते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या नजरेत त्यांचा दर्जा खालचा होता. मारलेल्या प्रत्येक हत्तीचा एक सुळा ओरोमो आश्रयदात्यांना द्यावा लागे, अशी नोंद जुन्या प्रवाशांनी केली आहे. असे असले तरी जंगलात पाऊल टाकताच हे नाते उलटे होई, कारण तेथील पाणी, मध आणि जनावरे यांची जी माहिती वाता माणसाकडे असे ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

हा मुलूख आथी नदीच्या खालच्या टप्प्याच्या, म्हणजे गलाना नदीच्या, दोन्ही अंगांना पसरलेला आहे. स्वाहिली भाषेत अशा रानाला न्यिका म्हणतात. बाभळीच्या जातीची झाडे आणि आपल्याकडील गुग्गुळाच्या प्रजातीतली झुडपे येथे इतकी दाट वाढतात की कित्येक ठिकाणी वीस-तीस पावलांपलीकडचे दिसत नाही. वर्षात पावसाचे दोन हंगाम असतात आणि मधल्या कोरड्या महिन्यांत हत्ती नदीकाठी व उरल्यासुरल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतात. शिकारीची पद्धत या भूमीतूनच घडलेली आहे. मोकळ्या माळरानात हत्तीच्या दहा पावलांवर जाणे आत्मघात ठरले असते. येथे झुडपांची आड मिळते, मात्र लांबून नेम धरण्याची सोयही राहत नाही.

वाता धनुष्य एकाच लाकडाचे, साधारण माणसाच्या उंचीचे आणि साधे दिसणारे असते. त्याची ताकद मात्र विलक्षण होती. आजच्या ऑलिंपिकमधील पुरुष तिरंदाजांची धनुष्ये साधारण ४५ ते ५० पौंड ताणाची असतात, तर वाता शिकाऱ्यांची धनुष्ये १०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ४५ किलोग्रॅमहून, अधिक ताणाची असत. मध्ययुगीन इंग्लंडच्या युद्धधनुष्यांशीच त्यांची तुलना होऊ शकते. इतके ताठ धनुष्य पूर्ण ओढून धरायचे आणि निवांतपणे नेम साधत राहायचे, हे माणसाच्या खांद्यांना झेपणारे नाही. त्यामुळे ओढणे व सोडणे ही एकच सलग हालचाल असे आणि ती अंगात मुरण्यासाठी मुलगा लहानपणापासून आपल्या वयाला साजेशा धनुष्यावर हात बसवीत असे. मारायचे विषानेच होते, मग एवढ्या ताकदीची गरज काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. हत्तीची कातडी जागोजागी अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड असते आणि बाणाचा विष लावलेला सगळा भाग तिच्यातून पार होऊन आतल्या रक्ताळ भागात पोचला, तरच ते विष काम करते. अर्धवट रुतलेला बाण जनावराला फक्त चिडवून सोडतो.

बाणाची रचना याच गरजेतून आलेली आहे. टोकाला लोखंडी फाळ असे व त्यामागच्या भागावर विषाचा जाड लेप चढवलेला असे. पूर्व आफ्रिकेतील शिकारी बाणांत हा पुढचा भाग मागच्या काडीत नुसता खोचलेला असणे हा सर्रास आढळणारा प्रकार आहे. जनावर झुडपांत घुसले की काडी गळून पडते आणि विषाचा भाग शरीरातच राहतो. लेपावर पातळ कातड्याची पट्टी गुंडाळून ठेवीत व ती शिकारीच्या वेळीच सोडीत, कारण हे विष पाण्यात विरघळते आणि उघडे राहिले तर त्याचा जोरही उतरतो; शिवाय भात्यात हात घालणाऱ्याच्या बोटाला खरचटले तर तेवढेही त्याचा जीव घ्यायला पुरेसे ठरू शकते. प्रत्येक शिकाऱ्याची स्वतःची खूण त्याच्या बाणांवर असे. मेलेल्या हत्तीच्या अंगात कोणाचा बाण आहे यावरून सुळ्यांचा मालक ठरे आणि त्यामुळे भांडणाला जागा राहत नसे. पुढे याच खुणा अधिकाऱ्यांच्या हाती पुरावा म्हणून लागल्या.

विष अकोकँथेरा प्रजातीच्या झाडांपासून बनते. ही झाडे कण्हेरीच्या कुलातील आहेत, आणि या कुलात त्यांची सर्वांत जवळची नातलग आहे ती आपली करवंदाची जाळी. चिवट हिरवी पाने, सुगंधी पांढरट फुले, पिकल्यावर काळपट जांभळे होणारे फळ हे सगळे कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या माणसाला ओळखीचे वाटावे असेच आहे. विष बनवण्यात गिरियामा कारागिरांचा हातखंडा होता आणि वाता शिकारी ते बहुधा त्यांच्याकडूनच घेत. लाकूड, मुळे व साल यांचे तुकडे करून ते पाण्यात तासन्‌तास उकळतात, चोथा काढून टाकतात आणि उरलेला काढा मंद आचेवर आटवत नेतात. शेवटी डांबरासारखा काळा, चिकट गोळा हाती येतो. विषाचा जोर पाहण्याची एक रीत पूर्व आफ्रिकेत नोंदवलेली आहे. माणूस हातावर किंवा पायावर बारीक चीर देऊन रक्ताचा ओघळ खाली येऊ देतो आणि ओघळाच्या खालच्या टोकाला विषाचा कण टेकवतो. विष ताजे असेल तर रक्त तेथून काळे पडत वर चढू लागते आणि ते जखमेपर्यंत पोचण्याआधी ओघळ पुसून टाकावा लागतो.

या विषातील मुख्य द्रव्य वाबेन हे होय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आर्नो यांनी १८८८ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पेशींच्या आवरणातून सोडियम बाहेर व पोटॅशियम आत नेणारी जी यंत्रणा असते ती वाबेनमुळे बंद पडते, हृदयाचे स्नायू आधी आवेगाने आकुंचन पावतात, मग त्यांची लय बिघडते आणि हृदय थांबते. हीच यंत्रणा डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये शोधून काढली व त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला; तिची ओळख पटवताना वाबेनचाच उपयोग झाला होता. वाबेन रक्तात मिसळले तर घातक ठरते, पण पोटातून ते फारच थोडे शोषले जाते. म्हणूनच जखमेभोवतालचे मांस कापून टाकले की उरलेला हत्ती खाता येई. या झाडाचा असा उपयोग करणारा माणूस एकटा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पूर्व आफ्रिकेत आढळणारा लोफिओमिस नावाचा केसाळ उंदीर अकोकँथेराची साल चघळून तिचा रस आपल्या कुशीवरच्या विशिष्ट पोकळ केसांना लावतो आणि त्याला तोंड घालणारा कुत्रा मरू शकतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

शिकारीला एक-दोन माणसे, क्वचित थोडी अधिक, निघत. पाणवठ्यावरून पहाटे माग उचलायचा, पावलांच्या ठशांवरून नर किती मोठा आहे हे ओळखायचे, लिंडीची ऊब व मोडलेल्या फांदीचा ओलावा पाहून तो किती पुढे गेला असेल याचा अंदाज बांधायचा आणि उन्हाच्या वेळी तो सावलीत उभा राहिला की त्याला गाठायचे, असा क्रम असे. हत्तीची नजर अधू असली तरी त्याचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. म्हणून शेवटच्या टप्प्यात चिमूटभर बारीक माती किंवा राख हवेत सोडून वारा पाहत पाहत पुढे सरकावे लागे. बाण बहुधा दहा ते पंचवीस पावलांवरून सुटे. नेम डोक्यावर किंवा छातीच्या बरगड्यांवर न धरता बरगड्यांच्या मागे, पोटाच्या बाजूला धरीत. तेथे हाड आड येत नाही आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या आतल्या भागांतून विष झपाट्याने शरीरभर पसरते. विष ताजे असेल आणि बाण योग्य जागी बसला असेल तर हत्ती काही मिनिटांतच, थोड्या अंतरावर कोसळे. शिळे विष किंवा चुकलेला नेम असेल तर तो जखमी अवस्थेत दूर निघून जाई, कधी दिवसांमागून दिवस झुरून मरे. या शिकारीचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नाही.

हत्ती पडला की वस्तीच उठून त्याच्याजवळ मुक्कामाला येई. मांसाच्या पट्ट्या कापून वाळवल्या जात आणि दुष्काळी भागात दुर्मिळ असलेली चरबी विशेष मोलाची मानली जाई. पहिला हत्ती मारणाऱ्या तरुणाचा मान वाढे. सुळे मात्र बाहेरच्या जगासाठी होते. मोंबासा, झांझिबार व किनाऱ्यावरील इतर बंदरांतील व्यापारी ते कापड, धान्य, मणी यांच्या बदल्यात घेत, आणि त्या व्यापाराची एक मोठी वाट थेट मुंबईला येऊन मिळे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील हस्तिदंत मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात उतरे; त्यातील काही यूरोपकडे जाई, तर काही कच्छ, गुजरात व राजस्थान या भागांत बांगड्यांसाठी वापरले जाई. न्यिकातील शिकारी आणि विवाहात हस्तिदंती चुडा भरणारी वधू यांच्यामध्ये कित्येक हात होते आणि सुळ्याच्या किमतीचा सर्वांत लहान हिस्सा बाण मारणाऱ्याच्या पदरी पडे.

ब्रिटिश अमदानीत परवान्याशिवाय केलेली शिकार गुन्हा ठरली. परवाना बंदूकवाल्या गोऱ्या शिकाऱ्याला मिळे, धनुष्यवाल्याला मिळत नसे. तरीही आतल्या मुलखात जुना क्रम चालू राहिला. १ एप्रिल १९४८ रोजी त्सावो राष्ट्रीय उद्यानाची स्थापना झाली आणि वाता लोकांच्या शिकारीच्या प्रदेशाचा मोठा भाग त्यात गेला. उद्यानाच्या पूर्व भागाचे प्रमुख डेव्हिड शेल्ड्रिक व त्यांचे सहकारी बिल वुडली यांनी १९५६-५७ मध्ये चोरट्या शिकारीविरुद्ध मोहीम उघडली. बाणांवरच्या खुणा, खबऱ्यांची माहिती आणि माग काढणाऱ्यांची मदत यांच्या आधारे बहुतेक नामांकित वाता शिकारी पकडले गेले व तुरुंगात गेले. हस्तिदंताची मागणी वाढल्यामुळे त्या काळी हत्ती मोठ्या संख्येने मारले जात होते, हे खरेच आहे. पण ज्यांच्या जमिनीवर उद्यान उभे राहिले त्यांना उपजीविकेचा दुसरा मार्ग न देता गुन्हेगार ठरवले गेले, हेही तितकेच खरे आहे. याची जाणीव मोहीम चालवणाऱ्यांपैकी काहींनाही झाली आणि १९६० मध्ये उद्यानाच्या पूर्वेला गलाना योजना सुरू झाली. ठरावीक संख्येने हत्ती कायदेशीर रीतीने मारायचे आणि मांस व सुळ्यांच्या विक्रीतून वाता लोकांना रोजगार द्यायचा, असा तिचा हेतू होता. प्रत्यक्षात धनुष्याची जागा बंदुकीने घेतली, वाता माणूस मजूर बनला आणि काही वर्षांतच योजना बारगळली.

पुढे १९७०-७१ च्या भीषण दुष्काळात त्सावो परिसरातील किमान सहा हजार हत्ती उपासमारीने मेले, असा अंदाज आहे. केनिया सरकारने १९७७ मध्ये सर्व प्रकारच्या शिकारीवर बंदी घातली. तरीही स्वयंचलित बंदुका घेऊन येणाऱ्या टोळ्यांनी पुढच्या दशकात हत्तींची अशी कत्तल केली की दुष्काळापूर्वी सुमारे ३५,००० असलेली या परिसरातील संख्या १९८८ च्या गणनेत सहा हजारांच्याही खाली आलेली आढळली. शतकानुशतके धनुष्याने झालेल्या शिकारीनंतरही येथे हत्तींचे मोठे कळप टिकून होते, ही बाब या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाल्यावर संख्या हळूहळू सावरली आणि २०२१ च्या गणनेत ती पंधरा हजारांच्या आसपास भरली.

वाता लोक आज उद्यानाच्या कडेच्या गावांत अल्पसंख्य म्हणून राहतात. मजुरी, थोडी शेती, मध गोळा करणे आणि पर्यटनाशी निगडित लहानमोठी कामे ही त्यांची उपजीविकेची साधने आहेत. त्यांच्या बोलीवर मोठ्या भाषांचा दाब वाढत आहे. धनुष्य बाळगून विषारी बाणाने जनावर मारणे हा केनियात आता गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे एवढ्या ताणाचे धनुष्य घडवण्याचे व ओढण्याचे कौशल्य नव्या पिढीकडे जाण्याचा मार्ग उरलेला नाही. या शिकारीविषयी आज जे तपशील उपलब्ध आहेत त्यांतील बराच भाग, त्या शिकाऱ्यांना पकडणाऱ्या आणि नंतर त्यांच्यासोबत काम करणाऱ्या वनाधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेला आहे.