क्लिफ्टन रॉक्स रेल्वे : बंद बोगद्यातली सफर

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एव्हन नदीच्या दरीकडेला, डोंगराच्या पोटातनं वरखाली जाणारी ही रेल्वे ११ मार्च १८९३ ला सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १९३४ ला बंद पडली. प्रकाशक जॉर्ज न्यूनेस यांनी पैसा घातला, आणि दरीचं रूप बिघडू नये म्हणून रूळ उघड्या कड्यावर न टाकता चुनखडीचा खडक फोडून बोगदा काढला, हे मला फार मोलाचं वाटतं.

चालायची कशी, तर आपल्याकडच्या आडावरचा रहाट आठवा, एक पोहरा खाली गेला की दुसरा वर. तसेच दोराला बांधलेले डबे, दोन जोड्या म्हणजे एकूण चार, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड झाला की खाली सरकताना खालच्याला वर ओढायचा, मग खाली पाणी सोडून द्यायचं आणि पंपानं परत वर चढवायचं. इंजिन डब्याला नाहीच. लांबी जेमतेम १५० मीटर, पण चढ बघा: लोंढ्याहून गोव्याला उतरताना ब्रॅगांझा घाटात ३७ ला १ चढ आहे (म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर), तिथंसुद्धा गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात, आणि इथं २.२ ला १!

पहिल्याच दिवशी सहा हजारांवर लोक बसले. पुढं नदीकाठानं पोर्टवे हा मोठा रस्ता काढताना खालच्या स्टेशनजवळची दुसरी रेल्वे १९२२ ला उठली, गिऱ्हाईक तुटलं, बस आल्या.

दुसऱ्या महायुद्धात याच बोगद्यात लोक बॉम्बहल्ल्यापासून आसऱ्याला यायचे, उतारावर बांधलेल्या टप्प्यांवर अंथरूण टाकून झोपायचे, आणि खालच्या भागात बीबीसीनं आणीबाणीसाठी स्टुडिओ आणि ट्रान्समीटर बसवला होता, तो १९६० पर्यंत त्यांच्याकडंच होता.

२००५ पासून स्वयंसेवकांनी राडारोडा उपसून वरचं स्टेशन मोकळं केलं आणि लोकांना गटागटानं फिरवून दाखवायला लागले. बघणाऱ्यानं रूळच शोधत बसू नये, त्या टप्प्यांवर जरा थांबावं, तिथं माणसं रात्रभर पोरंबाळं घेऊन बसलेली. बाहेर आलं की शेजारीच क्लिफ्टनचा १८६४ चा झुलता पूल, गोकाकच्या धबधब्यावरचा झुलता पूल चालून गेलेल्याला तो बघताच घरची आठवण येईल.