हिवताप परजीवीचे जनुकीय क्रमनिर्धारण

हिवताप म्हणजेच मलेरिया घडवणाऱ्या प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीचा संपूर्ण डीएनए अक्षर-अक्षर वाचून काढण्याची प्रक्रिया. कोकण किनाऱ्यावर त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत : व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. मुंबईत आणि गोव्यात व्हायवॅक्सचे रुग्ण अधिक. जिवावर बेतते ते बहुतेक वेळा फाल्सिपेरममुळे.

थंडी वाजून ताप आला की आरोग्यसेवक बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात. जेएसबी रंगाने रंगवलेली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की परजीवीची जात कळते. त्याच्यावर कोणते औषध चालेनासे झाले आहे किंवा तो मूळचा कुठला, हे पट्टीवरून कळत नाही. त्यासाठी त्याचा डीएनएच वाचावा लागतो.

फाल्सिपेरमचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, ऑक्टोबर २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील सँगर केंद्र आणि अमेरिकेतील दोन संस्थांनी मिळून वाचलेल्या या जीनोममध्ये १४ गुणसूत्रे, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे आणि ५,३०० च्या आसपास जनुके आहेत. काम किचकट होते, कारण या डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी ही दोनच जवळपास ८० टक्के जागा व्यापतात. असे तुकडे प्रती काढण्यासाठी जिवाणूंमध्ये वाढवताना टिकत नाहीत, आणि वाचलेले तुकडे एकमेकांसारखेच दिसत असल्याने जुळवताना गोंधळ होतो. म्हणून गुणसूत्रे आधी वेगळी करून गटागटाने वाचली गेली. त्यासाठी वापरलेला ३डी७ हा वाण नेदरलँड्समधील एका रुग्णाच्या रक्तातून आलेला आहे. आजही इतर फाल्सिपेरम परजीवी प्रामुख्याने त्याच्याशीच ताडून पाहिले जातात.

व्हायवॅक्सचा जीनोम २००८ मध्ये आला. कोकणाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा. ही जात फक्त नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशींत शिरते, त्यामुळे प्रयोगशाळेत ती सतत वाढवता येत नाही. पहिल्या वाचनासाठीचा परजीवी माकडांमध्ये वाढवावा लागला होता. आता रुग्णाच्या रक्तातूनच थेट वाचन करतात, पण तिथे अडचण पांढऱ्या पेशींची. माणसाच्या एका पांढऱ्या पेशीत दोनशेहून अधिक परजीवींइतका डीएनए असतो. तो तसाच राहिला तर यंत्र परजीवीऐवजी रुग्णाचाच डीएनए वाचत बसते. म्हणून रक्त घेतल्यावर लवकरात लवकर ते सेल्युलोजच्या गाळणीतून सोडतात. पांढऱ्या पेशी मागे राहतात, तांबड्या खाली उतरतात.

वाचलेल्या क्रमातून औषधरोधाचा माग काढता येतो. फाल्सिपेरमच्या सातव्या गुणसूत्रावरील सीआरटी या जनुकातील बदलामुळे क्लोरोक्वीन हे मलेरियावरील औषध निष्प्रभ होते. केल्च १३ या जनुकातील काही बदलांचा आर्टेमिसिनीन या दुसऱ्या औषधाला दाद न देण्याशी संबंध असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. काही फाल्सिपेरम परजीवींत एचआरपी २ हे जनुकच नसते. त्यावर बेतलेले झटपट चाचणीचे किट अशा रुग्णाला निरोगी ठरवू शकते.

गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णांचे परजीवी आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पातून अभ्यासले गेले आहेत. किनाऱ्यावर बांधकामांवर आणि ट्रॉलरवर ओडिशा, झारखंडचे कामगार असतात. साथ आली की त्यांच्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. अॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास इथल्याच उघड्या टाक्यांत आणि अर्धवट इमारतींत साठलेल्या पाण्यात वाढतो. परजीवी बाहेरून आला की इथेच पसरतो आहे, हे पुरेसे नमुने वाचून तुलना केल्यावरच ठरवता येते.

व्हायवॅक्सबाबत आणखी एक गुंता आहे. त्याचे सुप्त रूप यकृतात दडून राहते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. त्यावर प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. दोन्ही वेळचे परजीवी अगदी सारखे निघाले, तर ताप उलटल्याची शक्यता बळावते. वेगळे निघाले तरी डास नव्याने चावला असे म्हणता येत नाही, कारण यकृतात आधीपासून अनेक वाण दडलेले असू शकतात.